माल अडतो कुठे?

बंगळूरच्या मेट्रोची हिरवी मार्गिका यशवंतपूर मागे टाकून तुमकूर रस्त्यावर आली की दोन्ही बाजूंना पत्र्याची छपरं सुरू होतात, ती संपतच नाहीत. गोरगुंटेपाळ्य, मग पीण्या, मग पीण्या इंडस्ट्री. १ मार्च २०१४ ला मेट्रो इथवर आली. त्याआधी इथे यायचं म्हणजे ट्रक, टेम्पो आणि खासगी बसच्या गर्दीत अर्धा दिवस घालवायचा. सत्तरच्या दशकात वसलेली ही वसाहत आशियातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींमध्ये गणली जाते. पण दुकानात जाऊन विकत घ्यावी अशी वस्तू इथे फारशी बनत नाही. इथे बनतात भाग. कुणाच्या पंपाचा शाफ्ट, कुणाच्या गिअरबॉक्सचं झाकण, कुणाच्या विमानाच्या पंखातली एखादी खीळ. भारताचा पहिला उपग्रह ‘आर्यभट’ इथल्याच शेडमध्ये तयार झाला, हे पीण्यात कामाला येणाऱ्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. १९७२ मध्ये शास्त्रज्ञ यू. आर. राव यांनी तरुण पोरांचा संघ घेऊन पत्र्याखाली काम सुरू केलं आणि १९ एप्रिल १९७५ ला तो उपग्रह सोव्हिएत रॉकेटवरून वर गेला.

आमचे एक स्नेही, मूळचे बेळगावचे, इथे जॉबवर्कचा छोटा कारखाना चालवतात. क्रिकेटचं वेड जबर, इंग्रजी चित्रपटांची सवय अजिबात नाही. मागल्या पावसाळ्यात एका रविवारी त्यांच्या घरी बसून आम्ही ‘मनीबॉल’ हा बेसबॉलवरचा चित्रपट पाहिला. बेसबॉलमधलं त्यांना काही कळत नव्हतं, मलाही बेतानंच कळतं. दोन तास ते मुकाट बसले होते. संपल्यावर म्हणाले, “म्हणजे त्यांचा माल औटापाशी अडत होता म्हणा की!”

या चित्रपटावर मी बरंच वाचलं आहे, पण इतकं नेमकं वाक्य कुठे सापडलं नव्हतं. ते कळायला आधी त्यांचा कारखाना पाहावा लागतो. चार सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी (उभी मिलिंग यंत्रं) आणि एक सिलिंड्रिकल ग्राइंडिंग मशीन. शाफ्ट लेथवर उतरतो, व्हीएमसीवर त्याला चावीची खाच पडते, बाहेरून हार्डनिंग होऊन येतो आणि शेवटी ग्राइंडिंगवर मायक्रॉनमध्ये बसवला जातो. चार लेथ मिळून तासाला तीस नग काढतात असं समजा, आणि ग्राइंडिंगवर निघतात अठरा. आता लेथवरच्या पोराला बक्षीस लावून तीसचे चाळीस केले, तर गाडीत किती नग चढतील? अठराच. वाढेल तो ग्राइंडिंगसमोरचा ढीग. लेथवरचा आकडा फळ्यावर छान दिसतो, त्याचा पैसा होत नाही. इलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ मध्ये या एका गोष्टीवर ‘द गोल’ नावाची अख्खी कादंबरी लिहिली आणि व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांनी ती डोक्यावर घेतली. पीण्यातल्या मालकाला हे कादंबरीवाचून कळतं, कारण ढीग त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेत असतो.

आता बेसबॉल. एका सामन्यात प्रत्येक संघाला नऊ डाव आणि प्रत्येक डावात तीन बाद. म्हणजे सामन्याला २७ बाद. चेंडूंवर मर्यादा नाही, सामना किती वेळ चालावा यावर बंधन नाही. शेवटच्या डावातला शेवटचा खेळाडू बाद होत नाही तोवर कितीही धावा करा. ‘माल औटापाशी अडतो’ तो असा. संघापाशी टंचाई एकाच गोष्टीची, त्या २७ बादांची. मग फलंदाजाचं पहिलं काम काय? बाद न होणं. पण शंभरेक वर्षं त्या खेळात फलंदाजाची पारख व्हायची ती बॅटिंग ॲव्हरेजवर, म्हणजे किती वेळा चेंडू नीट मारून तो बेसवर पोहोचला यावर. पिचरनं, म्हणजे गोलंदाजानं, चार चेंडू बाहेर टाकले तर फलंदाज काही न मारता चालत पहिल्या बेसवर जातो. त्याला वॉक म्हणतात. हा वॉक ॲव्हरेजमध्ये धरतच नसत. त्यात फलंदाजाचं कर्तृत्व काय, असा विचार. खरं तर बाहेरच्या चेंडूला बॅट न लावणं हेही कौशल्यच आहे. सुनील गावसकरांनी ऑफ स्टंपबाहेर सोडलेल्या चेंडूंना आपल्याकडे जाणकारांनी दाद दिली, स्कोअरबुकात मात्र तिथे टिंब पडलं. वॉक धरून फलंदाज किती वेळा बेसवर पोहोचतो, हा साधा आकडा धावांशी ॲव्हरेजपेक्षा जास्त घट्ट बांधलेला आहे. ‘मनीबॉल’चा गाभा म्हणावा तर एवढाच.

हे आधी सांगितलं कुणी? बिल जेम्स नावाच्या माणसानं. कॅन्सस राज्यात डुकराचं मांस आणि घेवडा डब्यात भरणाऱ्या कारखान्यात तो रात्रपाळीचा पहारेकरी होता. रात्री भट्ट्या सांभाळता सांभाळता त्यानं जुन्या सामन्यांचे तक्ते चाळले आणि १९७७ मध्ये स्वतःच एक पुस्तिका छापून काढली. थोडी खपली. पुढच्या वर्षी दुसरी काढली. बेसबॉलच्या मोठ्या लोकांनी वीस-पंचवीस वर्षं तिकडे ढुंकून पाहिलं नाही.

त्याचं एक सूत्र कॅल्क्युलेटरवर करून पाहण्याजोगं आहे. संघाने हंगामात केलेल्या धावांचा वर्ग घ्या. त्याला, केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. साधारण तेवढ्या प्रमाणात सामने जिंकले जातात. चित्रपटातला हिशेब असा : ८१४ धावा करायच्या, ६४५ हून जास्त द्यायच्या नाहीत, म्हणजे ९९ विजय. ८१४ चा वर्ग ६,६२,५९६. ६४५ चा वर्ग ४,१६,०२५. भागाकार येतो ०.६१४, आणि हंगामातल्या १६२ सामन्यांनी गुणलं की नव्याण्णवच्या थोडं वर. म्हणजे खेळाडू विकत घ्यायचा नसतो, विजयही नाही. घ्यायच्या असतात धावा, आणि धावा घ्यायच्या तर बाद न होणारे लोक.

चित्रपटाची कथा थोडक्यात सांगतो. ओकलंड ॲथलेटिक्स हा गरीब संघ. २००१ च्या हंगामानंतर त्याचे तीन मोठे खेळाडू श्रीमंत संघांनी उचलले. त्यातला जेसन जियांबी न्यूयॉर्क यांकीजकडे सात वर्षांसाठी १२ कोटी डॉलरना गेला. ओकलंडचा वर्षभराचा सगळा पगारखर्च ४ कोटींच्या आसपास. व्यवस्थापक बिली बीन (ब्रॅड पिट) एका आकडेमोड्या तरुणाच्या मदतीने बाजारानं टाकून दिलेला माल उचलतो. कोपराची नस दुखावल्यामुळे फेकू न शकणारा यष्टिरक्षक स्कॉट हॅटबर्ग, छत्तिशीतला डेव्हिड जस्टिस, जमिनीलगत हात आणून विचित्र चेंडू टाकणारा चॅड ब्रॅडफर्ड. जुने निवडकर्ते हसतात. प्रशिक्षक हॅटबर्गला खेळवतच नाही. मग ४ सप्टेंबर २००२ ला ओकलंड सलग विसावा सामना जिंकतं. ११–० अशी आघाडी ११–११ वर येते आणि हॅटबर्गच्याच फटक्यानं १२–११ होतं. पटकथाकाराला असं काही सुचलं असतं तर निर्मात्यानं ते कापून टाकलं असतं. हंगामात १०३ विजय मिळाले आणि बाद फेरीच्या पहिल्याच मालिकेत मिनेसोटाकडून हार. मायकेल लुईस यांचं पुस्तक २००३ मध्ये आलं, बेनेट मिलर यांचा चित्रपट २०११ मध्ये.

चित्रपटात एक लबाडी आहे. ओकलंडकडे तेव्हा टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो असे तीन अव्वल पिचर होते. झिटोला त्या वर्षी सर्वोत्तम पिचरचा मान मिळाला, आणि मिगेल तेहादाला लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा. ही मंडळी चित्रपटात जवळजवळ दिसत नाहीत. १९८३ च्या विश्वचषकावर चित्रपट काढावा आणि त्यात कपिल देवला पाणी आणायला ठेवावं, तसं झालं हे. हॅटबर्गनं संघ तारला असं नाही. आधीच चांगल्या असलेल्या संघातली एक गळती त्यानं स्वस्तात बुजवली.

आता क्रिकेटकडे येऊ. इथे ‘मनीबॉल’ची नक्कल करायला निघालेले बहुतेक लोक घसरतात. बेसबॉलचा धडा ‘बाद होऊ नका’ असा पाठ केला आणि ट्वेन्टी-२० मध्ये लावला की काम बिघडलंच. साधा हिशेब करू. कसोटीत एक बळी मिळवायला गोलंदाजाला ढोबळमानाने साठेक चेंडू टाकावे लागतात. म्हणजे दहा बळींची पुंजी सहाशे चेंडू पुरते. ट्वेन्टी-२० मध्ये चेंडू मिळतात १२०, बळी मात्र दहाच्या दहा. दर बारा चेंडूंमागे एक माणूस गमावला तरी हरकत नाही. कसोटीत टंचाई बळींची, ट्वेन्टी-२० मध्ये चेंडूंची. ज्या यंत्रापाशी ढीग साठतो ते यंत्रच बदललेलं आहे.

हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही, त्याचा छापील तक्ताही आहे. फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी पावसात अडकलेल्या सामन्यांसाठी जी पद्धत बसवली तिचं मर्म हेच. संघाकडे दोन साधनं, उरलेली षटकं आणि उरलेले गडी, आणि दोन्ही मिळून एक टक्केवारी. १ जानेवारी १९९७ ला झिम्बाब्वे–इंग्लंड सामन्यात ती पहिल्यांदा वापरली गेली. त्यांच्या जुन्या तक्त्यात पन्नास षटकं आणि दहा गडी म्हणजे १०० टक्के. वीसच षटकं उरली आणि दहाही गडी शाबूत असले तर? षटकं ४० टक्के, पण साधनसंपत्ती ५६.६ टक्के. दहा षटकं उरली तर षटकं २० टक्के, साधनसंपत्ती ३२.१. हा जो वरचा भाग आहे तो शिलकीतल्या गड्यांचा. षटकं कमी तसे गडी जास्तच शिल्लक, आणि शिल्लक माल जपत बसणं म्हणजे ग्राइंडिंगसमोर ढीग लावणं.

बंगळुरातल्याच एका मराठी गणितज्ञाने या विषयावर सामान्य वाचकासाठी लिहिलं आहे. श्रीनिवास भोगले, हर्षा भोगले यांचे बंधू. नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये त्यांची नोकरी झाली. पुढे आयपीएल आल्यावर पूर्णेंदू माजी यांच्यासह त्यांनी खेळाडूची फलंदाजी, गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण हे सगळं धावांच्या एकाच मापात आणणारा निर्देशांक बसवला. कारखान्यात त्याला एकच नाणं ठरवणं म्हणतात. लेथचा तास, इन्सर्टचा खर्च, फुकट गेलेला नग, सगळं शेवटी रुपयांत मांडायचं. तसं केल्याशिवाय बळी घेणाऱ्याची तुलना षटकार मारणाऱ्याशी करायची कशी?

२००८ साली बंगळूर शहर हा धडा महागात शिकलं. रॉयल चॅलेंजर्स बंगळूर ११ कोटी डॉलरहून जास्त किमतीला विकला गेला, आठ संघांत फक्त मुंबई त्याहून महाग. कर्णधार राहुल द्रविड. घरात मराठी बोलणारा, या गावाचा लाडका मुलगा. वडील किसान जॅमच्या कंपनीत, म्हणून मित्रांत ‘जॅमी’. (बेसबॉलचा सांख्यिकीवाला डबाबंद अन्नाच्या कारखान्यातून निघावा आणि ‘भिंत’ म्हणवला जाणारा आपला द्रविड जॅमच्या, यावर कुणी तरी प्रबंध लिहायला हरकत नाही.) बरोबर अनिल कुंबळे, जॅक कॅलिस, मार्क बाउचर, वसीम जाफर, शिवनारायण चंदरपॉल. पाच दिवसांच्या सामन्याला ही माणसं घेऊन जगात कुठेही जावं. लोक पहिल्या दिवसापासून त्यांना कसोटी संघ म्हणायला लागले. १८ एप्रिल २००८ ला चिन्नास्वामी मैदानावर आयपीएलचा पहिलाच सामना. कोलकात्याच्या ब्रेंडन मॅकलमनं ७३ चेंडूंत नाबाद १५८ केल्या. बंगळूर ८२ मध्ये सर्वबाद, तेही १५.१ षटकांत. माझं वरचं गणित इथे तोंडावर पडतं, कारण त्या रात्री गडी आणि चेंडू दोन्ही वाया गेले. हंगामात चौदापैकी चार विजय, आठ संघांत सातवा क्रमांक. द्रविडचा दोष किती? त्या हंगामात संघाच्या सर्वाधिक धावा त्याच्याच होत्या. चुकला तो मापदंड. कसोटीची सरासरी ही बळींच्या टंचाईच्या जगातली फूटपट्टी, आणि तिनं चेंडूंच्या टंचाईचं जग मोजलं गेलं.

त्याच हंगामात दुसऱ्या टोकाला होता राजस्थान रॉयल्स. सगळ्यात स्वस्तात, ६.७ कोटी डॉलरना विकलेला संघ. त्याच्या मालकांत प्रमुख मनोज बदाले. जन्म धुळ्याचा, वाढले इंग्लंडमध्ये. लिलावात सर्वांत कमी खर्च याच संघाने केला. चेन्नईनं एकट्या धोनीसाठी १५ लाख डॉलर मोजले. राजस्थाननं शेन वॉर्नला ४.५ लाखांत घेतलं, शेन वॉटसनला सव्वा लाखात, पाकिस्तानच्या सोहेल तन्वीरला एक लाखात. वॉटसन मालिकावीर ठरला आणि तन्वीरनं सर्वाधिक २२ बळी घेतले. सर्वांत महाग घेतलेला मोहम्मद कैफ मात्र हंगामभर शांतच राहिला. पहिला सामना दिल्लीकडून सपशेल हरलेला हा संघ १ जून २००८ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर शेवटच्या चेंडूवर चेन्नईला हरवून विजेता झाला.

याला लगेच ‘भारतीय मनीबॉल’ म्हणायचा मोह होतो, अनेकांना झालाही. पण त्यांचा कर्णधार-प्रशिक्षक वॉर्न हा लॅपटॉपवाल्यांची उघड टिंगल करणारा गडी. ऑस्ट्रेलियाचे आकडेप्रेमी प्रशिक्षक जॉन ब्युकॅनन यांच्याशी त्याचं कधी पटलं नाही. रवींद्र जडेजा नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरात त्यानं जे पाहिलं, ते तक्त्यातून दिसलं नव्हतं. तेव्हा राजस्थानची ती जीत गणकयंत्राची नव्हे. ओकलंडशी तिचं साम्य एकच. पैसा कमी होता, म्हणून इतरांनी ज्याची किंमत कमी लावली होती तिकडे बघणं भाग पडलं. ते बघणारा डोळा एकीकडे तक्त्याचा होता, दुसरीकडे एका थोर लेगस्पिनरचा.

त्याच संघात गोव्याचा स्वप्नील अस्नोडकर होता. पाच फुटांच्या थोडा वर, अंगाने बारीक. ग्रॅमी स्मिथबरोबर सलामीला येऊन त्यानं नऊ सामन्यांत ३११ धावा ठोकल्या. मडगाव-पणजीत ते दिवस अजून आठवतात. पण पुढच्या हंगामांमध्ये मिळून त्याच्या सव्वाशे धावाही झाल्या नाहीत. काय बिघडलं? गोलंदाजांनी त्याला ओळखलं, हे उत्तर असेल. पण एक उत्तर असंही आहे की फारसं काही बिघडलंच नाही. फलंदाजाची धावसंख्या एक दिवस शून्य, एक दिवस सत्तर अशी पसरलेली असते. सरासरी तीस असली तर पसाराही साधारण तिसाचाच. नऊ डावांची सरासरी काढली की त्या पसाऱ्याला नवाच्या वर्गमुळाने, म्हणजे तीनने भागायचं. उरतात दहा. म्हणजे खरा तिसाचा फलंदाज नऊ डावांच्या हंगामात निव्वळ नशिबाने वीसचा किंवा चाळीसचा दिसू शकतो. बेसबॉलला १६२ सामने मिळतात, आयपीएलला चौदा. बिली बीन स्वतः मान्य करायचा की त्याची पद्धत लांब हंगामापुरती, पाच सामन्यांच्या बाद फेरीत ती चालेलच असं नाही.

नशिबाचा हा पसारा मला पीण्यातच उमगला. स्नेह्यांच्या कारखान्यात नवा ऑपरेटर आला होता. पोरगा हुशार आणि फार तत्पर. शाफ्टचं माप २५ मिलिमीटर. एक नग आठ मायक्रॉन मोठा आला की हा लगेच ऑफसेट, म्हणजे यंत्राला दिलेली मापाची दुरुस्ती, आठने कमी करी. पुढचा पाच लहान आला की पाचने वाढवी. संध्याकाळपर्यंत नाकारलेल्या नगांचा ट्रे भरला. मालकांनी येऊन पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “तू हात काढ बघू त्याच्यावरनं.” हात काढल्यावर मापं आपोआप आवरली. यात जादू नाही. यंत्राची मूळची थरथर असतेच. प्रत्येक थरथरीला उत्तर देत गेलं की आपली थरथर तिच्यात मिसळते. गणितात दाखवता येतं की दर नगागणिक अशी भरपाई केली तर मापांचा पसारा सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. गुणवत्ता नियंत्रणाचे जाणकार डेमिंग आपल्या व्याख्यानांत हा खेळ नरसाळं आणि गोटी घेऊन करून दाखवत.

हात कधी लावायचा आणि कधी नाही, हे सांगणारा तक्ता वॉल्टर शेवार्ट यांनी १९२४ मध्ये बेल टेलिफोनसाठी काढला. मधोमध सरासरीची रेघ आणि वरखाली तीन-तीन प्रमाण विचलनांवर मर्यादेच्या दोन रेघा. ठिपका आत असेल तर गप्प बसायचं, बाहेर गेला तर यंत्र थांबवून कारण शोधायचं. हेच शेवार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात प्रशांतचंद्र महालनोबीसांच्या बोलावण्यावरून भारतात येऊन राहिले होते. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनं पुढे गावोगाव गुणवत्ता नियंत्रणाची केंद्रं काढली, बंगळुरातही. देश स्वतंत्र होऊन चार महिने झाले होते, आणि पहिल्या पाहुण्यांत ऑफसेटला हात कधी लावू नये हे सांगणारा एक माणूस होता, याची मला मौज वाटते. आपले निवडकर्ते त्याच्या व्याख्यानाला गेले असते तर दोन शून्यांवर किती सलामीवीर घरी बसले नसते!

राजस्थानला पुढे आणखी एक हॅटबर्ग सापडला, तो मुंबईचा. प्रवीण तांबे. वीसेक वर्षं क्लब आणि कंपनी क्रिकेटमध्ये लेगस्पिन टाकत राहिलेला, एकही रणजी सामना न खेळलेला. २०१३ मध्ये, एकेचाळिसाव्या वर्षी, तो राजस्थानकडून आयपीएलमध्ये उतरला. कर्णधार होता राहुल द्रविड. बंगळुरात ज्याला चुकीच्या मापानं मोजलं तोच आता दुसऱ्याला योग्य मापानं मोजत होता. वय हा आकडा निवड समितीच्या फायलीत पहिल्या रकान्यात असतो, चार षटकं टाकायला त्याची फारशी गरज नसते. त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स लीगमध्ये तांबेनं स्पर्धेतले सर्वाधिक १२ बळी घेतले. २०१४ मध्ये कोलकात्याविरुद्ध त्याची हॅट्ट्रिक झाली, तीही दोन अधिकृत चेंडूंत. पहिला बळी वाइड चेंडूवर यष्टिचीत होता. २०२२ चा ‘कौन प्रवीण तांबे?’ हा चित्रपट त्याच्यावरच आहे, श्रेयस तळपदेनं भूमिका केलेला. गंमत म्हणजे त्यात आकडेमोड अजिबात नाही, जिद्द आहे. आपल्याकडे खेळाच्या चित्रपटात आई, मित्र, पाऊस आणि जिद्द लागते. लेगस्पिनरच्या प्रतिषटक धावांवर गाणं कोण लिहिणार?

बंगळूरला विजेतेपद मिळवायला पुढे सतरा वर्षं लागली. नोव्हेंबर २०२४ च्या जेद्दातल्या लिलावात लखनौनं ऋषभ पंतला २७ कोटी रुपये दिले. बंगळूरच्या टेबलावर तेव्हा फ्रेडी वाइल्ड हा इंग्रज विश्लेषक होता, ट्वेन्टी-२० च्या आकड्यांवर पुस्तक लिहिलेला. त्यांनी एका नावावर पैसा उधळला नाही. टिम डेव्हिड तीन कोटींना, कृणाल पंड्या पावणेसहा कोटींना, अमरावतीचा जितेश शर्मा अकरा कोटींना. जितेश हा शेवटच्या पाच-सहा षटकांचा माणूस. अर्धशतकं त्याच्या नावावर मोजकी, कारण अर्धशतकाइतके चेंडूच त्याच्या वाट्याला येत नाहीत. जुन्या फूटपट्टीवर तो दिसतच नाही. २७ मे २०२५ ला लखनौत पंतनं ६१ चेंडूंत नाबाद ११८ केल्या, आणि जितेशनं ३३ चेंडूंत नाबाद ८५ करून सामना नेला. हंगामाअखेर पंतच्या धावा २६९, जितेशच्या २६१. एकानं शंभर चेंडूंमागे १३३ च्या गतीनं काढल्या, दुसऱ्यानं १७६ च्या. म्हणजे तेवढ्याच धावांसाठी पहिल्यानं पन्नासहून अधिक चेंडू जास्त खाल्ले. चेंडूंची टंचाई असलेल्या खेळात ही उधळपट्टीच. ३ जून २०२५ ला अहमदाबादेत पंजाबला सहा धावांनी हरवून बंगळूर पहिल्यांदा विजेता झालं. कृणालनं चार षटकांत अवघ्या १७ धावा दिल्या.

दुसऱ्या दिवशी चिन्नास्वामीच्या दारांशी चेंगराचेंगरी होऊन ११ माणसं गेली. मैदानाची क्षमता ३५ हजारांच्या आसपास, आणि मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं की लोक दोन-तीन लाख आले होते. माल कुठे अडणार हे त्या दिवशी आधी बघायला हवं होतं. स्नेह्यांच्या कारखान्यातली चार पोरं त्या दुपारी तिकडे गेली होती. परतेपर्यंत मालक फाटकाशी उभे होते.

ओकलंडचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. पुस्तक आलं आणि सगळ्यांनीच बाद न होणारे खेळाडू शोधायला सुरुवात केली. बिल जेम्सला तर बॉस्टन रेड सॉक्सनं पुस्तकाआधीच नोकरी दिली होती, आणि २००४ मध्ये त्यांनी ८६ वर्षांनी विजेतेपद मिळवलं. वॉकची किंमत वाढली, स्वस्त माल संपला. ओकलंडला त्यानंतर एकही विजेतेपद नाही. २०२४ नंतर तर संघानं ते शहरच सोडलं.

हे मी स्नेह्यांना परवा सांगत होतो. ते कारखान्याच्या मधल्या वाटेवर उभे होते. कर्ज काढून त्यांनी दुसरं ग्राइंडिंग मशीन घेतलं आहे, त्याच्यासमोर आता एकही ट्रे नाही. मी अभिनंदन केलं. त्यांनी नुसतं आत बोट दाखवलं. काचेच्या खोलीत एकटी मुलगी गेज आणि मायक्रोमीटर घेऊन तपासणीला बसली होती, आणि दारापासून तिच्या टेबलापर्यंत निळ्या ट्रेंची ओळ लागली होती.